माझी कादंबरी आणि तिचा शिवणक्लास

माझ्या पहिल्या कादंबरीची पहिली वाचक झगे बेतता बेतता ती वाचत होती. जमिनीवर पांढरं कापड, कापडावर कागदी बेत, बेतावर कात्री आणि बाजूला माझी दोनशे दहा हस्तलिखित पानं, उडू नयेत म्हणून इस्त्रीखाली दाबलेली. इस्त्री थंड होती हे माझं नशीब. दुसरं प्रकरण संपल्यावर तिने मान वर केली.

"तुझ्या या दोघी कधी बसत नाहीत का गं?"

"म्हणजे?"

"पहिल्या पानापासून उभ्याच आहेत. मिठागरात उभ्या, रस्त्यात उभ्या, एकमेकींशी बोलतानाही उभ्या. पाय दुखत असतील बिचाऱ्यांचे."

मी तिला समजावलं की त्या अन्यायाविरुद्ध उभ्या आहेत.

"ते कळलं. पण एकमेकींवर प्रेम कधी करणार?"

"चौथ्या प्रकरणात."

"कुठे?"

"सभेत," मी म्हटलं. "जाहीर."

तिने टाचण्या ओठांत धरल्या होत्या, म्हणून तिला हसता आलं नाही. पण खांदे हलत होते ते मला दिसले, आणि मी रागाने इस्त्री उचलून माझी पानं घेऊन घरी आले. दुसऱ्या दिवशी परत नेऊन दिली, कारण वाचायला दुसरं कोणी नव्हतं.

माझा दोष अंगभूत नाही, वारसा आहे. आमचं घर वसईच्या होळी भागात. माझे वडील केळीची वाडी करतात असं कागदोपत्री होतं. प्रत्यक्षात वाडी आई करायची आणि वडील पत्रकं काढायचे. मिठागरातल्या मजुरांची पत्रकं, रेशनच्या तांदळाची पत्रकं, एसटीच्या बंद झालेल्या फेरीचं पत्रक. मी वाचायला शिकले ती त्यांवरच. शाळेतल्या पुस्तकातली गोष्ट 'बंधु-भगिनींनो' म्हणून सुरू होत नाही आणि शेवटी कसलीच मागणी करत नाही, याचं मला बरेच दिवस आश्चर्य वाटत असे. आणीबाणीत वडिलांचं सायक्लोस्टाइल यंत्र गोठ्यात केळीच्या वाळल्या पानांखाली दडवलं होतं. "पोलीस आले तर काय सांगशील?" असं वडिलांनी विचारलं तेव्हा आई म्हणाली, "सांगेन, म्हैस छापते." पोलीस आलेच नाहीत. वडिलांना त्याचं थोडं वाईट वाटलं असावं.

पत्रकाविषयी त्यांचे नियम पक्के होते. सही नसलेलं पत्रक भेकडाचं. मागणी नसलेलं पत्रक म्हणजे नुसती रड. आणि तळाशी संपर्काचा पत्ता नसेल तर ते पत्रक नव्हेच. "माणसं वरचं वाचत नाहीत," ते म्हणत. "तळाचं वाचतात. आपलं गाऱ्हाणं कुठे न्यायचं एवढंच त्यांना हवं असतं." हे वाक्य मी शेकडो वेळा ऐकलं होतं. त्याचा अर्थ मला फार उशिरा कळला.

ती मला भेटली पाण्यामुळे. विहिरींतलं पाणी टँकर भरभरून नेलं जायला लागलं आणि वाड्यांतल्या विहिरी खारट व्हायला लागल्या, तेव्हा आम्ही बायकांची एक समिती काढली. बैठकीला जागा हवी होती. जवळच्या पापडी गावात रस्त्याला लागून तिच्या घराची पडवी होती आणि पडवीत तिचा शिवणक्लास. तिथे दिवसभर बायका-मुलींची ये-जा असल्यामुळे आणखी दहाजणी आल्या तर कोणी ढुंकून पाहत नसे. ती ख्रिस्ती, आमच्या समितीतल्या निम्म्या जणी वाडीवाल्या हिंदू. दोन्हीकडच्या घरच्या बोली वेगळ्या, त्यामुळे बैठकीत सगळ्याच जणी शाळेतली मराठी बोलत आणि वाद घालायची वेळ आली की आपापल्या बोलीत शिरत. पुढची चार वर्षं आमच्या प्रत्येक पत्रकाच्या तळाशी तिच्याच पडवीचा पत्ता होता. मला माझ्या स्वतःच्या घरचा पत्ता लिहिताना क्षणभर थांबावं लागे. तिचा हाताला पाठ होता.

एका मोर्चात घोषणा देताना माझ्या ब्लाउजची शिवण काखेत उसवली. मला कळलं नाही, तिला कळलं. दुसऱ्या दिवशी तिने मला पडवीत बोलावून टेप काढली.

"घोषणा नेहमी उजव्याच हाताने देतेस?"

"हो."

"मग उजव्या काखेत अर्धा इंच जास्त ठेवते."

आणि तिने वहीत तसं लिहूनही ठेवलं. माझ्यावर आजवर कोणी केलेलं सगळ्यात मोठं प्रेम ते अर्ध्या इंचाचं होतं, हे मला तिथेच, हात वर करून उभी असताना कळलं. कादंबरीत मात्र मी तो प्रसंग घातला नाही, कारण त्यात विचार नव्हता. पुढे काय झालं ते इथेही घालणार नाही. हा मजकूर आधी तिने वाचायचा आहे.

तर कादंबरी. मिठागरात काम करणाऱ्या दोघी, त्यांचा मालक, त्यांचा संप आणि त्यांचं एकमेकींवर प्रेम, अशी ती होती. या प्रेमाला माझ्याकडे शब्द नव्हता. शब्दकोशात सापडले ते एकतर आजारासारखे वाटत नाहीतर गुन्ह्यासारखे. म्हणून मी सगळीकडे 'सहजीवन' लिहिलं. मुंबईच्या एका प्रकाशकाकडे पाठवली. त्यांनी सभ्यपणे कळवलं की विषय धाडसी आहे, परंतु दोघींपैकी एकीला पुरुष केलं तर बाकी एकही ओळ बदलावी लागणार नाही. मी आठवडाभर चडफडले. चडफडण्याचं खरं कारण असं की ते बरोबर होतं. एका मासिकाच्या संपादकांनी सुचवलं की शेवटी एकीला मारावी, म्हणजे वाचकाला सहानुभूती वाटेल. त्यांना मी सहा पानी उत्तर पाठवलं. त्यात पाच मागण्या होत्या आणि सात दिवसांत खुलासा न आल्यास पुढील पाऊल उचलण्याचा इशारा होता. खुलासा आला नाही. पुढचं पाऊल काय असतं ते मला माहीत नव्हतं.

शेवटी स्वतःच छापायचं ठरवलं. नाव अर्थात माझं, पूर्ण, वडिलांच्या नावासकट. टोपणनाव म्हणजे भेकडपणा. तिला हे सांगितलं तेव्हा तिने मशीनच्या चाकावर हात ठेवून ते थांबवलं.

"तुझं नाव तुझं आहे," ती म्हणाली. "घाल. फक्त मला त्यात आणू नकोस."

"तू कुठे आहेस त्यात? दोघी मिठागरात आहेत."

"मी एवढंच सांगते. हा क्लास आहे म्हणून मला कोणी विचारत नाही, लग्न का केलं नाहीस. भाऊसुद्धा विचारत नाही. क्लास गेला की सगळे विचारतील, आणि मग तो मला विरारला घेऊन जाईल. तिथे कोणीतरी बिजवर बघून ठेवलेलाच आहे."

तिचा थोरला भाऊ मुंबईत नोकरीला होता आणि विरारला नव्या बिल्डिंगीत राहत होता. तिची विधवा आई आणि ती, दोघी पापडीच्या घरी. मी तिला शब्द दिला. कादंबरीत एका ठिकाणी एक बाई सुईत दोरा ओवते, ते वाक्यदेखील मी काढून टाकलं. इतकी मी सावध होते.

छपाई वसईच्या एका छोट्या प्रेसमध्ये झाली, जिथे एरवी लग्नपत्रिका आणि आमची पत्रकं छापली जात. खिळे जुळवणारे कंपोझिटर मिठागराच्या गावचे, वयस्कर, मितभाषी. आठ पानं जुळवायची, छापायची, खिळे सोडून परत घरांत टाकायचे, मग पुढच्या आठ पानांचा फॉर्मा, असं काम. तिसऱ्या दिवशी त्यांनी मला बोलावलं.

"ताई, उद्गारचिन्हं संपली."

"संपली म्हणजे?"

"प्रेसमधी होती तेवढी सगली लागली. आता पुढल्या पानावर कुनी मोठ्याने बोलायचं नाय."

मी म्हटलं, दुसरीकडून आणा. ते म्हणाले, लग्नाच्या हंगामातसुद्धा इतकी लागत नाहीत, कोण देणार. शेवटी त्यांनी मला न विचारता अर्ध्याहून जास्त उद्गारचिन्हं काढून टाकली, आणि कादंबरीत जे काही बरं आहे ते त्यांचं आहे. दहाव्या फॉर्म्यापर्यंत ते 'सहजीवन' ही सहकारी संस्था समजत होते. अकराव्या फॉर्म्यात दोघी एकमेकींचा हात धरतात. तिथे ते थांबले, चष्मा पुसला आणि म्हणाले, "मिठागरात हातावर भेगा असतात, ताई. धरला तर दुखतो. ते लिवा." मी लिहिलं नाही. वेळ नव्हता.

वेळ नव्हता, कारण मला पत्रक काढायचं होतं. पुस्तक निघालं आणि पत्रक नाही, असं आमच्या घरात होऊच शकत नव्हतं. प्रेसमध्ये उभ्या उभ्या मी ते अर्ध्या तासात लिहिलं. वर 'भगिनींनो, जाग्या व्हा'. मग दोन स्त्रियांच्या प्रेमाची पहिली निर्भीड कादंबरी, असं. ती पहिली होती याला माझ्याकडे कसलाही पुरावा नव्हता. मग तीन मागण्या: स्त्रीला स्त्रीबरोबर घर करण्याचा हक्क, वगैरे. मग खाली माझं नाव. आणि त्याखाली, जसा गेली चार वर्षं लिहीत आले तसा, प्रतींसाठी व अधिक माहितीसाठी संपर्काचा पत्ता: शिवणक्लास, चर्चमागची गल्ली, पापडी, सायंकाळी पाच ते सात.

मी ते दोनदा तपासलं. ऱ्हस्व-दीर्घाच्या चार चुका काढल्या. तळाची ओळ बिनचूक होती.

वडिलांना दाखवलं तर त्यांनी चष्मा लावून तिसऱ्या मागणीवर बोट ठेवलं. "ही मागणी कोणाकडे आहे? शासनाकडे, समाजाकडे की नवऱ्यांकडे?" मी म्हटलं, सगळ्यांकडे. "सगळ्यांकडे मागितलं की कोणीच देत नाही," ते म्हणाले, पण निम्मा गठ्ठा उचलून बाजाराकडे निघाले. निघताना सहज विचारल्यासारखं म्हणाले, "तिला विचारलंस ना?" मी म्हटलं, "ती कादंबरीत नाहीच आहे." त्यांनी माझ्याकडे जरा वेळ पाहिलं. मला वाटलं, त्यांना माझ्या निर्भयतेचं कौतुक वाटतंय.

मी वडिलांच्या सायकलवरून पापडीचा बाजार, होळी, आणि मग विरारला स्टेशनबाहेर अशी पत्रकं वाटली. घरी येऊन दगडांची वाट पाहत बसले. खरंच सांगते, वाट पाहत होते. खिडकीजवळची तसबीर काढून ठेवली, काच फुटू नये म्हणून. कोणी धर्मगुरू आले, कोणी पुढारी आले, तर काय बोलायचं त्याची टिपणं केली. फादरांसाठी तीन पानी उत्तर तयार होतं. फादर आले नाहीत. कोणीच आलं नाही. शेजारची काकू आली ती विळी मागायला. "टँकरचंच आहे ना परत?" पत्रकाकडे बघत ती म्हणाली आणि विळी घेऊन गेली. आईने पत्रक नीट वाचलं, घडी घातली आणि म्हणाली, "तुझ्या बापाने मिठागर घरात आणलं. तू शिवणक्लास. कपडे तरी शिवून मिळतील." आईच्या बोलण्यात मला काही अर्थ दिसला नाही. मी दगडांच्या विचारात होते.

माणसं गेली होतीच, पण पत्रकावर पत्ता होता तिथे.

पहिल्या दिवशी पाच वाजता तिच्या पडवीत एक म्हातारे गृहस्थ आले, विहिरीला मोटार बसवू देत नाहीत म्हणून तक्रार घेऊन. त्यांनी फक्त तळाचं वाचलं होतं. मग विरारचे दोन कॉलेजकुमार आले, त्यांनी फक्त वरचं वाचलं होतं, आणि फाटकाशी उभे राहून आत शिकणाऱ्या मुलींकडे पाहून हसत राहिले. तिची आई झाडू घेऊन बाहेर आली तेव्हा ते गेले. मग एक आई आली, आपल्या मुलीचं अर्धवट टाके घातलेलं कापड घेतलं, मुलीला हाताला धरलं आणि 'घरी पाहुणे आहेत' म्हणून निघून गेली. पुढच्या चार दिवसांत आणखी सहा घरी पाहुणे आले. क्लासमध्ये अकरा मुली होत्या. तीन उरल्या. चर्चमधल्या पहिल्या ख्रिस्तप्रसादाच्या विधीला महिना राहिला होता. तेव्हा वर्षभरातलं सगळ्यात मोठं काम असतं, लहान मुलींचे पांढरे झगे, आणि ते निम्मे कापलेले पडून होते.

हे सगळं मला पाचव्या दिवशी कळलं, मी विजयी मुद्रेने सायकल फाटकाला टेकवली तेव्हा. ती पडवीत एकटी बसली होती. पुढ्यात पत्रक होतं.

"तू शब्द पाळलास," ती म्हणाली. "माझं नाव घातलं नाहीस. फक्त घर घातलंस."

मी ती ओळ वाचली. चार वर्षांत पहिल्यांदाच वाचली. मग मी माझ्या परीने एकच उपाय सुचवला. म्हटलं, "आपण जाहीर खुलासा काढू."

"काय काढू?"

"पत्रक. एक छोटं. की पत्ता नजरचुकीने..."

"आणखी एक पत्रक काढलंस," कात्री बाजूला ठेवत ती म्हणाली, "तर मी मशीन विहिरीत टाकीन आणि मागून तुला."

भावाचं पत्र आलं होतं. रविवारी येतो, आईचे आणि तुझे कपडे बांधून ठेवा, मशीन विकता येईल. पत्र लहान होतं. ओरडणारा भाऊ असता तर मला त्याच्याशी भांडता आलं असतं. त्याने लिहिलं होतं की तुझी काळजी वाटते.

"काय करू?" मी विचारलं. हा प्रश्न मी तोवर कोणालाच विचारला नव्हता.

"सात घरं आहेत. सातही घरी जा. सांग, पत्ता मी हिला न विचारता घातला. पुस्तक माझं, चूक माझी. बस्स. हक्क नाही, समाज नाही, भगिनी नाही."

"आणि त्यांनी विचारलं, तुमचं दोघींचं काय, तर?"

तिने सुईत दोरा ओवला. "खोटं बोलू नकोस. पण भाषणही करू नकोस."

"मग मधलं काय असतं?"

"तेच तुला येत नाही," ती म्हणाली. "म्हणून तर कादंबरी तशी झालीय."

मी गेले. पहिल्या घरी दारातच वाक्य म्हणून टाकलं, पाठ केलेली कविता म्हणावी तसं. त्या बाईने ऐकून घेतलं. "बरं. आणि झग्याचं काय?" तिने कापड घरी आणलं होतं खरं, पण तिच्या नणंदेने छातीवरच्या चुण्या घालायचा प्रयत्न केला आणि तो झगा आता पिशवीसारखा दिसत होता. तिने मला तो दाखवला, जणू ती चूकही मीच केली होती. एका अर्थी केलीच होती. "उद्या पाठवते पोरीला. नणंदेला सांगू नका."

दुसऱ्या घरी बाई बाहेर आलीच नाही. तिचे यजमान, निवृत्त कारकून, यांनी मला खुर्ची दिली आणि संस्कृतीवर बोलायला सुरुवात केली. मुद्दा क्रमांक एक, मुद्दा क्रमांक दोन. चौथ्या मुद्द्याला मला जांभई आली. पाचव्याला ध्यानात आलं की ही पद्धत माझी आहे, आवाज तेवढा त्यांचा. इतकी वर्षं लोक मला ऐकून घेत होते, ते किती भले असले पाहिजेत. मी एकदाही त्यांना तोडलं नाही. निघताना आतून बाईचा आवाज आला, "कॉलर गोल ठेवायला सांगा."

तिसऱ्या घरच्या बाईने पुस्तकाविषयी विचारलं.

"त्या दोघी शेवटी मरतात का?"

"नाही."

"बरं केलंस बाय. मरायला बाया काय कमी आहेत."

तिने प्रत मागितली नाही. मी पिशवीत चार घेऊन गेले होते, तरी काढली नाही. माझ्या आयुष्यातला संयमाचा हा पहिला नोंदवावा असा प्रसंग.

पाचव्या घरी तिघी बहिणी होत्या. धाकटीचा झगा होता, आणि थोरल्या दोघी, सतरा-अठराच्या, क्लासमधल्या सगळ्यात हुशार. हूक आणि काजांचं सगळं काम त्याच करायच्या. त्यांची आई सुकेळ्यांसाठी सोललेली केळी उन्हात पसरत होती. तिने हात न थांबवता माझं वाक्य ऐकलं.

"पत्त्याचं कळलं. आणि तुम्ही दोघी?"

हे विचारलं जाणार होतं. मी सगळी तयारी केली होती. मानवी हक्क, इतिहास, निसर्ग. तोंड उघडलं आणि त्यातलं काहीच आलं नाही.

"हो," मी म्हटलं.

बाईने एक केळं उलटं केलं. मग दुसरं. मग उभी राहिली, पदराला हात पुसले. मला वाटलं, आता हाकलणार.

"धाकटीचा झगा होऊ दे," ती म्हणाली. "तिला मी स्वतः आणीन, स्वतः नेईन. मोठ्या दोघींना नाही पाठवणार."

तिने आवाज चढवला नाही. आतल्या दारात थोरली उभी होती. बोटात अजून शिवणाचा अंगुस्ताना होता.

मी हे सगळं येऊन सांगितलं.

"हो म्हणालीस?" तिने विचारलं.

"तूच म्हणालीस, खोटं बोलू नकोस."

"म्हणाले मी." ती काजं करायच्या टोपलीकडे बघत होती. त्या दोघी गेल्या म्हणजे काय गेलं ते माझ्याहून तिला जास्त माहीत होतं. "बरं. उरलेली दोन घरं?"

"जाते," मी म्हटलं, आणि गेले.

रविवारी भाऊ आला तेव्हा हातात सुतळीचं बंडल होतं, बोचकी बांधायला. चर्चमधली रविवारची मिस्सा सुटली होती. पडवीत पाय ठेवायला जागा नव्हती. पाच आया, पाच मुली, अर्धे शिवलेले झगे, आणि मध्ये ती गुडघ्यांवर बसून घेर सारखा करत होती. त्याने दारातून "आय" म्हणून हाक मारली. त्याची आई मागच्या अंगणात कोंबड्यांना दाणे टाकत होती.

"कपडे बांधले?"

"माझ्या कोंबड्या तुझ्या तिसऱ्या मजल्यावर कुठे ठेवू ते आधी सांग."

"आय, कोंबड्या विकायच्या."

"मग मलाही वीक."

तो काहीतरी बोलणार होता, एवढ्यात गोल कॉलरवाली बाई म्हणाली, "अहो भाऊ, ती टाचण्यांची डबी जरा इकडे करा." त्याने डबी दिली. मग तिने झग्याचा घेर धरायला सांगितला, तोही धरला. मी पत्रकांचे उरलेले गठ्ठे आणून दिले होते, आणि त्यांच्या कोऱ्या बाजूवर ती कॉलरचे बेत आखत होती. असा एक बेत भावाच्या हातात आला. त्याने तो उलटला, माझी तिसरी मागणी वाचली, माझ्याकडे पाहिलं आणि पुन्हा कोरी बाजू वर करून तिला दिला. दुपारी जेवून तो विरारला गेला. जाताना अंगणात आईला म्हणाला, "झग्यांचं काम होईपर्यंत राहा." ते काम संपून आता पाच वर्षं झाली. त्याने परत विचारलेलं नाही आणि आम्ही आठवण करून दिलेली नाही.

क्लास राहिला, पण पूर्वीसारखा नाही. मोठ्या मुली येत नाहीत, लहान येतात, आणि त्यांच्या आया दारात थांबतात. त्या दोघी बहिणींपैकी थोरली आता विरारला एका दुकानासाठी घरबसल्या परकर शिवते. रस्त्यात दिसली की ती माझ्याकडे बघून हसते आणि पुढे जाते. तिला काय वाटतं ते मला माहीत नाही, आणि तिच्या तोंडी घालायला मी एक वाक्य बनवलं होतं ते खोडून टाकलं आहे.

कादंबरीच्या प्रती आमच्या माळ्यावर आहेत. माझी लेखिका म्हणून कारकीर्द म्हणाल तर ती अशी: एक छापील कादंबरी, एका कंपोझिटरने सुधारलेली, आणि दुसरी, जी गेली तीन वर्षं चालू आहे. तिच्यात मागण्या नाहीत. भेगा पडलेल्या हातांचं मी लिहिलं. ती छापायची की नाही, कधी, कुठे, हे मी ठरवत नाही. पहिल्या वर्षी मला ही सेन्सॉरशिप वाटली आणि मी तसं बोलूनही दाखवलं. ती म्हणाली, "तुझी छापील पानं लोक वाचतात, माझ्या पडवीत येऊन. म्हणून मी आधी वाचणार."

दुपारी मी क्लासवर असते. त्या दोघी गेल्यामुळे हूक लावायला कोणी नव्हतं, म्हणून ते काम मी घेतलं. मला जमत नाही. माझे हूक तिरके बसतात आणि दोरा ओढला की कापडाला सुरकुती पडते. ती सुईचं टोक घालून उसवते आणि तेच कापड परत माझ्या मांडीवर ठेवते. काल तिने त्याच्यासोबत सातवं प्रकरणही ठेवलं. दोन पानांवर पेन्सिलीने आडवी रेघ होती आणि बाजूला लिहिलं होतं: इथे अजून एकदा बघ.